कोलेस्टेरॉल गच्च भरलंय, मग हार्मोन का तयार होत नाही?

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी. मी सांगलीची. बावीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. पेशीची आकृती फळ्यावर काढताना मायटोकॉन्ड्रियाला दोन पडदे काढायचे, बाहेरचा गुळगुळीत, आतला घड्यांचा. शेजारी 'पेशीचं ऊर्जाघर' लिहायचं आणि डस्टर उचलायचं. त्या दोन रेघांच्या मधल्या जागेपाशी मी कधी थांबले नाही. आमच्या घरातलं एक बाळ नेमकं तिथंच अडलंय, म्हणून हा धागा काढतेय.

माझ्या पुतणीला दुसरी मुलगी झाली. तिसऱ्या आठवड्यापासून बाळ दूध ओढेना, उलट्या करायला लागलं, वजन वाढायचं सोडून उतरायला लागलं. रंग काळवंडत होता, तर आम्ही म्हणालो आजोबांवर गेलीय. पहिल्यांदा जिथं नेलं तिथं जंतुसंसर्ग समजून सलाईन लावलं. बाळ तरतरीत झालं, घरी आलं, आणि पाच दिवसांत पुन्हा तसंच मलूल. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी सोडियम-पोटॅशियम तपासलं आणि त्याच रात्री पुण्याला पाठवलं. सोडियम खूप खाली, पोटॅशियम वर. कॉर्टिसॉल जवळजवळ नाहीच, आणि त्याला हाक मारणारं मेंदूकडचं एसीटीएच मात्र भरमसाठ वाढलेलं. सोनोग्राफीत दोन्ही ॲड्रिनल ग्रंथी (आपल्या पुस्तकातल्या अधिवृक्क) फुगलेल्या. शेवटी जनुक तपासणी झाली आणि 'स्टार' नावाच्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत बिघाड निघाला.

डॉक्टरांनी समजावलं की ग्रंथीत कोलेस्टेरॉल ठासून भरलंय, पण त्याचं हार्मोन होत नाहीये. परतीच्या वाटेवर पुतणीनं विचारलं, "काकू, कच्चा माल एवढा भरलाय तर पक्का माल का निघत नाही?" मला उत्तर देता आलं नाही. नंतर महिनाभर वाचलं. जे समजलं ते लिहिते, चुकलं तर जाणकारांनी सुधारावं.

कॉर्टिसॉल, अल्डोस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन ही सगळी कोलेस्टेरॉलची लेकरं. कोलेस्टेरॉलमध्ये २७ कार्बन असतात. पहिल्याच पायरीला त्याची सहा कार्बनची शेपटी कापली जाते आणि २१ कार्बनचं प्रेग्नेनोलोन उरतं. पुढची सगळी हार्मोन्स त्यातून घडतात. ही शेपटी कापणारं विकर, पी-४५०-एससीसी, मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यात बसलेलं असतं. कोलेस्टेरॉल पोचतं बाहेरच्या पडद्यापर्यंत. मधे पाण्याची अरुंद पट्टी, आणि कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. सगळं गाडं तिथं अडतं.

बाहेरच्या पडद्यापर्यंत माल यायला वाटा भरपूर आहेत. माणसात बराचसा रक्तातल्या एलडीएलमधून (कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणांतून) येतो, काही पेशी स्वतः बनवते, काही पेशीतल्या मेदाच्या थेंबांत साठवलेला असतो. पण एक गोष्ट लक्षात घ्या. इन्सुलिन पेशी आधी बनवून पुड्यांत भरून ठेवते. स्टेरॉइड तसं ठेवता येत नाही, ते मेदात विरघळतं आणि पडद्यातून निसटून जातं. म्हणून साठा असतो तो कोलेस्टेरॉलचा, हार्मोनचा नव्हे. ताप आला, मार लागला, की एसीटीएचची हाक येते आणि ग्रंथीला काही मिनिटांत हार्मोन ताजं बनवावं लागतं. मग ते किती वेगानं बनेल हे ठरवणार कोण? तर ही शेवटची उडी.

२०१९ च्या महापुरात आम्ही गच्चीवर दोन दिवस काढले. गल्लीच्या तोंडाशी दूध, बिस्किटं, औषधं येऊन पडलेली दिसत होती. आमच्यापर्यंत येत नव्हती. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावातली पोरं गुळाची काहील घेऊन आली, त्या पसरट काहिलीत सामान ठेवून ढकलत ढकलत घरोघर दिलं. ही पेशीतली गोष्ट वाचताना मला तीच काहील आठवली. स्टार हे प्रोटीन म्हणजे ती काहील. आमच्या बाळाकडे ती नाही.

---

तासगावची_सून | मंगळवार, रात्री १०:४८

ताई, वाचून पोटात कालवलं. बाळ आता कसं आहे ते आधी सांगा.

आणि एक विचारू का? प्रोजेस्टेरॉन पण ह्यातूनच होतं म्हणताय. मला दोनदा गर्भपात झाला तेव्हा डॉक्टरनी प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या दिल्या होत्या, ते नसलं तर गर्भ टिकत नाही म्हणाले. मग ह्या बाळाला स्टार नसताना नऊ महिने पोटात राहिलं कसं?

---

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ११:०५

बाळ आता साडेचार महिन्यांचं आहे, हसतं. हायड्रोकॉर्टिसोन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन चालू आहे, शिवाय दुधातून मोजून मीठ. पुतणी दहा मिलिग्रॅमची गोळी स्टीलच्या ताटलीत ठेवून ब्लेडनं तुकडे करते, डॉक्टरांनी सांगितलेला तुकडा चमच्यानं चुरते. चुरा ताटलीला चिकटून वाया जाऊ नये म्हणून पाण्याचे दोन थेंब टाकते आणि करंगळीनं गोळा करून बाळाच्या गालाच्या आत लावते. दिवसातून तीनदा. ताटली शेवटी प्रकाशात तिरकी धरून बघते काही राहिलंय का.

तुमचा प्रश्न फार मोलाचा आहे. माझ्या वाचण्यात उत्तर आलंय, पण नीट सांगणारं कुणी असेल तर बरं.

---

माहुली | मंगळवार, रात्री ११:५२

काकू, मी साताऱ्याची, जीवरसायनशास्त्रात एमएस्सी करते. आधी तासगावच्या ताईंना सांगते.

पहिले काही आठवडे प्रोजेस्टेरॉन आईच्या अंडाशयातून येतं, नंतर ते काम वार उचलते. वार बाळाच्या पेशींपासून बनते, म्हणजे तिच्यातही तोच बिघाड असणार. पण वारेत स्टार मुळातच नसतं. वारेतल्या पेशी कोलेस्टेरॉल दुसऱ्या रीतीनं आत नेतात, त्यात स्टारच्याच घराण्यातल्या एमएलएन-६४ या प्रोटीनचं नाव घेतलं जातं. म्हणून स्टार बिघडलेलं बाळ पूर्ण दिवस भरून जन्माला येतं. उलट शेपटी कापणारं विकरच पूर्ण बिघडलं तर वारेलाही प्रोजेस्टेरॉन बनवता येत नाही. त्यामुळे तशी बाळं फारच क्वचित सापडली आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांत विकर थोडंफार काम करत होतं. पोटात असताना मीठ-पाण्याचा तोल वारेमार्फत आई सांभाळते. तो आधार जन्मानंतर सुटतो.

आता काकू, तुमच्या काहिलीबद्दल. रागावू नका, पण ती उपमा एका ठिकाणी चुकते आणि खरी गंमत तिथंच आहे. काहील या काठावरून त्या काठाला जाते. स्टार जात नाही. ते बाहेरच्या पडद्यावर असतानाच काम करतं, आत गेलं की त्याचं काम संपतं.

स्टार २८५ अमिनो आम्लांचं प्रोटीन. तयार होतं तेव्हा ३७ किलोडाल्टनचं (हे रेणूच्या वजनाचं माप) असतं, त्याच्या टोकाला 'मला मायटोकॉन्ड्रियात न्या' असा पत्ता लिहिलेला असतो. आत ओढलं गेलं की पत्ता कापला जातो आणि ३० किलोडाल्टनचं उरतं. सुरुवातीला सगळ्यांना वाटायचं की आत शिरता शिरता ते दोन पडदे जवळ आणत असणार आणि कोलेस्टेरॉल त्या वाटेनं सरकत असणार. मग पत्त्याचा तुकडाच, पहिली ६२ अमिनो आम्लं, कापून टाकून बघितलं. आत शिरणं बंद झालं तरी काम तेवढंच झालं! २००२ साली हिमांग्शू बोस, लिंगप्पा आणि वॉल्टर मिलर यांनी स्टारला बाहेरच्या पडद्याला खुंटीला बांधल्यासारखं बांधून ठेवलं. ते सतत काम करत राहिलं. दोन पडद्यांच्या मधे किंवा अगदी आत ठेवलं तेव्हा काहीच केलं नाही.

म्हणजे आत जाणं हे काम नाही, ती निवृत्ती आहे. बाहेरच्या पडद्यावर थांबायला मिळतात ती थोडी मिनिटं. तेवढ्यात स्टारचा एक रेणू मिनिटाला कोलेस्टेरॉलचे सुमारे ४०० रेणू आत पोचवतो असा हिशोब निघालाय. रेणूच्या पोटात एका वेळी एकच कोलेस्टेरॉल मावेल एवढी पोकळी असते. पाण्यापासून तोंड फिरवलेली, मेदाला मानवणारी.

---

कृष्णाकाठ | बुधवार, सकाळी ६:२०

माहुली, रागावते कशाला? रात्री झोपायच्या आधी वाचलं आणि सकाळी उठल्यावर आधी वहीतली आकृती खोडली. काहील मागे घेते. मग हा काठावर उभा राहून माल पलीकडे देणारा झाला. धान्य उतरवताना हमाल साखळी करून पोती पुढे देतात तसा.

---

माहुली | बुधवार, सकाळी ८:१५

साखळीतला पुढचा हात कुणाचा, यावर मात्र एकमत नाही काकू. बरीच वर्षं बाहेरच्या पडद्यातल्या टीएसपीओ या प्रोटीनकडे बोट दाखवलं जायचं. पाठ्यपुस्तकांच्या आकृत्यांत ते दरवाजासारखं काढलेलं असतं. २०१४ मध्ये ते जनुकच काढून टाकलेल्या उंदरांवरचे निकाल आले, आणि त्या उंदरांत स्टेरॉइड हार्मोन्स व्यवस्थित बनत होती. त्यावरून अजून वाद आहे. माझ्या वाचनानुसार आज टीएसपीओला दरवाजा म्हणू नये. स्टारबद्दल मात्र शंका नाही, कारण त्याचा पुरावा माणसांच्या लेकरांतच सापडलाय.

---

विटेकर | बुधवार, दुपारी १:३०

ताई, माझं वय ५८. ॲन्जिओप्लास्टीनंतर कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे. हे सगळं वाचून सकाळपासून डोक्यात घोळतंय की गोळीनं कोलेस्टेरॉल कमी केलं तर ही हार्मोन्स पण कमी होणार की काय? आमच्या सौ. म्हणाल्या गोळी दोन दिवस थांबवा.

---

कृष्णाकाठ | बुधवार, दुपारी २:०५

दादा, गोळी थांबवू नका, वहिनींनाही सांगा. हाच तर या धाग्याचा गाभा आहे. हार्मोन किती बनतं हे कोठारात किती माल आहे यावर ठरत नाही, शेवटच्या उडीवर ठरतं. ग्रंथीला लागणारं कोलेस्टेरॉल रक्तात फिरणाऱ्या साठ्याच्या मानानं अगदी थोडं, आणि एक वाट आखडली तर दुसरी उघडते. स्टॅटिनच्या, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांच्या, नेहमीच्या डोसमध्ये कॉर्टिसॉल कमी पडत नाही. आमच्या बाळाच्या ग्रंथीत तर कोलेस्टेरॉल नको तेवढं आहे आणि हार्मोन शून्य. दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवून बघा. तरी धाकधूक असेल तर पुढच्या भेटीला डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

---

तंतुवाद्य | बुधवार, संध्याकाळी ७:४०

मिरजेहून लिहितोय. आमच्या वडिलांना ॲड्रिनलचा टीबी झाला होता. टीबी बरा झाला, ग्रंथी गेल्या. हायड्रोकॉर्टिसोन जन्मभराचं. तीन वर्षांपूर्वी गणपतीत एका पाहुण्यांनी चिठ्ठी बघून सांगितलं, "अरे हे स्टेरॉइड आहे, हाडं झिजतात, बंद करा." वडिलांनी कुणाला न सांगता बंद केलं. चौथ्या दिवशी आरतीला उभे राहिले आणि टाळ हातात घेऊनच खाली बसले. बीपी लागत नव्हतं. इंजेक्शन मिळालं म्हणून वाचले.

ताई, तुमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगा. बाहेरून ताकदीसाठी घेतलेलं स्टेरॉइड वेगळं आणि शरीरात जे नाहीच ते भरून देणं वेगळं.

---

तालीम | बुधवार, रात्री ९:१५

वरच्या शेवटच्या ओळीवरून थोडं अवांतर. वाळवा तालुक्यात पोरांना कुस्ती शिकवतो. दोन पोरं इंजेक्शनं घेऊन अंग कमावतात, नंतर हातपाय गळाल्यासारखी होतात. त्याचा ह्या स्टारशी काही संबंध लागतो का?

---

माहुली | बुधवार, रात्री ९:५०

लागतो वस्ताद. ॲड्रिनलला जशी एसीटीएचची हाक, तशी वृषणातल्या टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या लायडिग पेशींना मेंदूकडच्या एलएच या हार्मोनची. ती हाक आली की तिथं स्टार बनतं आणि कोलेस्टेरॉल आत जातं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की मेंदूला वाटतं भरपूर आहे, एलएच थांबतं, स्टार बनायचं थांबतं. इंजेक्शन बंद केल्यावर घरचं उत्पादन पुन्हा सुरू व्हायला महिने लागू शकतात. पोरांना डॉक्टरकडे पाठवा, स्वतःच्या मनानं काही घेऊ देऊ नका.

स्टार सापडलं तेही लायडिग पेशींतच, उंदराच्या एमए-१० नावाच्या पेशीवाणात. १९९४ साली, टेक्सासमध्ये, बार्बरा क्लार्क आणि डग्लस स्टॉको यांच्या गटाला. शोध मात्र १९६० च्या दशकापासून चालला होता. तेव्हाच दिसलं होतं की पेशीला नवीन प्रोटीन बनवू दिलं नाही तर एसीटीएच कितीही द्या, हार्मोन वाढत नाही आणि कोलेस्टेरॉल बाहेरच साचतं. म्हणजे क्षणभर जगणारं कुठलंतरी प्रोटीन मधे आहे हे कळलं होतं. ते हाती लागायला तीस वर्षं लागली. मला हा भाग वाचताना दर वेळी काटा येतो.

---

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री १०:३०

आणि लगेच पुढच्याच वर्षी, १९९५ ला, या आजाराच्या बाळांमध्ये स्टारचाच बिघाड सापडला. तोवर सगळ्यांचा संशय शेपटी कापणाऱ्या विकरावर होता, पण रुग्णांत त्याचं जनुक धडधाकट निघायचं.

पुतणीचा दुसरा प्रश्न होता, "पहिले वीस दिवस ती बरी होती ना, मग अचानक काय झालं?" तिला वाटत होतं आपलंच काहीतरी चुकलं, बाळंतिणीच्या खाण्यात, अंघोळीत. त्याचं उत्तर १९९६ च्या संशोधनात मिळालं. स्टार नसलं तरी थोडं कोलेस्टेरॉल आपोआप झिरपत आत जातं. प्रयोगशाळेतल्या पेशींत हे स्टार असतानाच्या सुमारे १४ टक्के भरलं. त्यावर बाळ काही दिवस तगतं. पण हार्मोन कमी म्हणून मेंदू एसीटीएच ओतत राहतो, पेशी आणखी कोलेस्टेरॉल गोळा करत राहते, थेंबांवर थेंब साचतात आणि शेवटी पेशीच बिघडते. मग झिरपणारं तेवढंही बंद. पहिला घाव जन्मजात, दुसरा साठ्याचा.

याच कारणानं मुलींचं अंडाशय बराच काळ वाचतं. वयात येईपर्यंत त्याला हाकच नसते, त्यामुळे साठाही होत नाही. आमच्या बाळाची गुणसूत्रं ४६ एक्सएक्स आहेत, डॉक्टर म्हणाले वयात येईल, पुढे लक्ष ठेवावं लागेल. मुलग्यांत वृषण पोटातच काम करायला लागतं आणि तिथंच बिघडतं, त्यामुळे एक्सवाय बाळं बहुतेकदा मुलीसारखी दिसत जन्मतात. अशा घरांनी घाबरून गप्प बसू नये, तज्ज्ञांशी बोलावं.

---

औदुंबर | गुरुवार, सकाळी ११:००

ताई, स्पष्ट विचारतो, राग मानू नका. पुतणीचं लग्न नात्यात झालंय का? माझी बायको मामाचीच मुलगी आहे. आमच्या घरात एक मूल असंच गेलं. अजून आई बायकोलाच बोल लावते.

---

कृष्णाकाठ | गुरुवार, दुपारी १२:१०

भाऊ, हो. तिलाही आत्याच्या घरी दिली. आपल्याकडे मामाची मुलगी करणं किती घरांत चालत आलंय.

तुमच्या आईंना हे असं सांगून बघा. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक बिघडलेली असली तरी दुसरी काम धकवते, माणूस ठणठणीत राहतो. दोघांकडूनही बिघडलेलीच आली तर आजार. म्हणजे दोघांकडूनही. एकट्या बाईकडून हा आजार येऊच शकत नाही. आईवडील दोघं वाहक असतील तर दर गरोदरपणी चारात एक शक्यता. एकाच घराण्यात लग्न झालं की तीच बिघडलेली प्रत दोन्हीकडे असण्याची शक्यता वाढते, एवढाच नात्याचा संबंध. तुमचं मूल कशानं गेलं ते इथून सांगता येणार नाही. पुढचं मूल व्हायच्या आधी जनुकीय सल्ला घ्या, दोघांनी मिळून जा. आणि वहिनींना तुम्ही स्वतः सांगा की हा दोष तिचा नाही. आईंच्या समोर सांगा.

---

औदुंबर | गुरुवार, रात्री १०:४५

सांगितलं. आई काही बोलली नाही. बायको रडली.

---

तंतुवाद्य | शुक्रवार, सकाळी ९:२०

ताई, वडिलांच्या खिशात आम्ही आता मराठीत कार्ड ठेवतो. बाळासाठी पण करा. जत्रेत, प्रवासात, कुणाच्याही हातात पडलं तरी वाचता आलं पाहिजे.

---

कृष्णाकाठ | शुक्रवार, दुपारी ३:४०

केलं. मजकूर असा:

*या बाळाच्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल व अल्डोस्टेरॉन तयार करू शकत नाहीत. ती रोज हायड्रोकॉर्टिसोन व फ्लुड्रोकॉर्टिसोन घेते. ताप असेल तर डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे डोस वाढवावा. उलट्या होत असतील, सुस्त वाटली किंवा ऑपरेशन असेल तर हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन ताबडतोब द्यावं लागतं. औषध कधीही बंद करू नये.*

खाली डॉक्टरांचा आणि घरचा नंबर. डोसचे आकडे डॉक्टरच मागच्या बाजूला लिहिणार आहेत. इथून कुणी आकडा उचलू नये म्हणून मुद्दाम टाकत नाही.

---

तासगावची_सून | शुक्रवार, दुपारी ४:१५

ताई, शेवटचं वाक्य सगळ्यात वर घ्या. घाईत माणूस पहिलीच ओळ वाचतंय.

---

कृष्णाकाठ | शुक्रवार, दुपारी ४:३०

घेतलं वर. लाल अक्षरात. पुतणी लॅमिनेशन करायला गेलीय, दोन प्रती सांगितल्यात, एक बाळाच्या दुपट्याच्या पिशवीत आणि एक आजोबांच्या पाकिटात.